तुमच्या आईचं माहेरचं नाव

अण्णा,

काल तुमच्या फोनवर तुमच्या मोडीच्या बाईंचा मेसेज आला. 'आजोबा, दोन रविवार गृहपाठ आला नाही. तब्येत बरी आहे ना?' तुमचा फोन मी अजून रोज चार्ज करून ठेवते. का, ते विचारू नका. उत्तर लिहायला घेतलं, खोडलं, परत लिहिलं. शेवटी एवढंच पाठवलं, 'अण्णा गेले.' पाठवल्यावर लक्षात आलं, हे मी पुष्कळदा बोलले होते, पण बहुतेक वेळा हिंदीत. दूधवाल्या भैयाला, शाळेतल्या मॅडमना, लखनौच्या कपूरथळा चौकातल्या त्या सब्जीवाल्याला, जो अजून 'इंजीनियर साहब नहीं आए?' म्हणून विचारतो. मराठीत लिहिलं नव्हतं.

बाईंनी थोड्या वेळानं लिहिलं, 'वर्गात सगळ्यात मोठे तेच होते आणि सगळ्यात भांडखोरही. तुम्ही त्यांच्या कोण?' मी लिहिलं, 'सून.' आणि मग तुमच्या खुर्चीत बसून राहिले.

भेटायला माणसं येताहेत. रेल्वेच्या मानकनगर संशोधन केंद्रातले तुमचे जुने सहकारी येतात, रुळांच्या चाचण्यांच्या गोष्टी सांगतात. तुम्ही एकदा चालत्या गाडीच्या डब्यात पोटावर झोपून दोन तास कंपनं मोजली होतीत म्हणे. हे मला माहीत नव्हतं. पण गेली पंधरा वर्षं तुम्ही काय शोधत होता, ते त्यांच्यापैकी कुणालाच माहीत नाही. आपणही त्याबद्दल सलग असं कधी बोललो नाही. तुकड्या-तुकड्यांत बोललो, भाजी निवडताना, रिक्षात, फोनच्या पडद्यावर वाकून. म्हणून आज एकदा सुरुवातीपासून सांगते. मध्ये बोलू नका.

आपलं पहिलं भांडण माझ्या लग्नाच्या दिवशीच झालं. मानकनगरच्या तुमच्या क्वार्टरमध्ये मी माप ओलांडून आत आले. माझे बाबा बँकेतले, बदलीवर लखनौला आले ते इथलेच झाले, त्यामुळे लग्नही इथेच लागलेलं. सासूबाई त्याआधीच गेलेल्या, म्हणून सगळं तुम्हीच मांडलेलं. पितळी ताटात तांदूळ पसरलेले, निखिलच्या हातात अंगठी. तुम्ही म्हणालात, "लिही. लक्ष्मी."

लक्ष्मी हे तुमच्या आईचं नाव, हे मला ठाऊक होतं. नाव बदलायचं नाही हे आमचं दोघांचं आधीच ठरलेलं होतं, आणि ते तुम्हाला सांगायचं काम निखिलचं होतं. तो विसरला की घाबरला, हे त्यानं आजपर्यंत कबूल केलेलं नाही. त्यानं नुसतं माझ्याकडे पाहिलं. मग मीच म्हणाले, "अण्णा, माझं नाव मेधा आहे. तेच राहू द्या."

खोलीत वीसेक माणसं. कुणीतरी बाई म्हणाल्या, "अगं, एका दिवसापुरतं तर आहे. तांदळातलं नाव पुसलं की संपलं."

"एका दिवसापुरतंही नको," मी म्हणाले.

तुम्ही ताट उचललंत आणि आत नेऊन ठेवलंत. दुसऱ्या दिवशी त्याच तांदळाचा भात झाला आणि तुम्ही जेवला नाहीत. पुढे महिनाभर तुम्ही मला कुठल्याच नावानं हाक मारली नाहीत. 'ऐक', 'अगं', 'जरा बघ'. मग हळूहळू 'मेधा' आलं. पण माझ्या डोक्यात बसलं ते बसलंच, की सासरा जुन्या वळणाचा आहे आणि सुनेनं मान वाकवली नाही हे त्याला खुपतंय. दहा वर्षं मी ही गोष्ट मैत्रिणींना रंगवून सांगितली, तुमच्या ताट उचलण्याची नक्कल करून. सगळ्या हसायच्या. आज ती नक्कल आठवली की मला माझ्याच हाताची लाज वाटते.

मग मागची जनगणना आली. सरकारी प्राथमिक शाळेतल्या मास्तरणीला तिच्यातून सुटका नसते. माझ्या वाट्याला जुन्या शहरातला एक मोहल्ला आला होता. घरोघर जायचं, दारावर आकडा टाकायचा, माणसागणिक माहिती भरायची. तुम्ही तोवर निवृत्त होऊन महानगर वस्तीतल्या या घरात आला होता आणि वेळ कसा घालवायचा या विवंचनेत होता. माझ्या भागाचा नकाशा तुम्ही मोजून-मापून काढून दिलात, त्यात विहीर, पिंपळ आणि बंद पडलेला हातपंपसुद्धा. सुपरवायझर म्हणाला, "मैडम, इतना बढ़िया नक्शा तो हमने देखा ही नहीं." तुम्हाला सांगितलं तर म्हणालात, "हातपंप चालू झाला तर खूण बदल."

एका घरी तीन कर्ते मुलगे, सुना, पोरं आणि तख्तावर बसलेली एक खूप म्हातारी बाई. सगळ्यांची नावं झाली. मी विचारलं, "और अम्मा का नाम?" मुलगे एकमेकांकडे बघायला लागले. थोरला म्हणाला, "अम्मा ही लिख दीजिए." मधला म्हणाला, "राशन कार्ड देखो." कार्ड काही सापडेना. तेवढ्यात म्हातारी तोंडावर पदर धरून हसायला लागली. मला जवळ बोलावलं, कानात नाव सांगितलं आणि म्हणाली, "लिख लो बिटिया. बहुत दिन बाद किसी ने पूछा."

हे मी संध्याकाळी जेवताना सांगत होते. तुम्ही पोळीचा तुकडा हातात धरून ऐकत होता. मी नाव सांगणार, तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "नाव सांगू नकोस. गुप्त ठेवायचं असतं ना तुम्हाला?" म्हणून त्या बाईचं नाव मी तेव्हाही सांगितलं नाही आणि आजही सांगणार नाही. मग तुम्ही तो तुकडा ताटात ठेवलात.

"मेधा, मला माझ्या आईचं नाव माहीत नाही."

"लक्ष्मी ना?"

"ते या घरात आल्यावर ठेवलेलं. तिचं स्वतःचं."

आणि मग तुम्ही सांगितलंत. ज्यांना मी तुमची आई समजत होते, ज्यांचा फोटो आपल्या देवघराशेजारी आहे, त्या तुमच्या धाकट्या आई. पहिली, तुमची जन्मदाती, तुम्ही दोन वर्षांचे असताना दुसऱ्या बाळंतपणात गेली. बाळही गेलं. वर्षाच्या आत तुमच्या वडिलांचं दुसरं लग्न झालं आणि नव्या मुलीचं नावही लक्ष्मीच ठेवलं. तुमची आजी म्हणाली होती म्हणे, पोराच्या कानावर दुसरं नाव नको पडायला. तिचा फोटो नाही. सगळ्या कागदांवर आईच्या रकान्यात एकच नाव, आणि त्या एका नावात दोन बायका.

तुम्हाला हे कळलं ते मुंजीत. मातृभोजनाला आईच्या शेजारी बसून तुम्ही लाडू खात होता आणि एक म्हातारी डोळे पुसत म्हणाली, "आज वरची लक्ष्मी बघत असेल हो." आठ वर्षांचे तुम्ही. विचारलंत, "वरची कोण?" कुणी उत्तर दिलं नाही. धाकट्या आईनं तुमच्या ताटात आणखी एक लाडू वाढला.

"मग नंतर कधी विचारलं नाहीत?" मी म्हणाले.

"कुणाला विचारू? धाकट्या आईनं मला कधी पोटच्या पोरापेक्षा वेगळं धरलं नाही. तिच्या हातचं खायचं आणि तिच्यासमोर पहिलीची चौकशी करायची? ते तिला नाव ठेवल्यासारखंच झालं असतं."

मी त्या ताटाबद्दल बोलले नाही. तुम्हीही बोलला नाहीत. पण आपण दोघंही त्याच ताटाचा विचार करत होतो, हे मला पक्कं माहीत आहे.

मग तुम्ही एकदम इंजिनियर झालात. "तुमच्या ऑफिसात जुन्या जनगणनेचे कागद असतील ना? स्वातंत्र्याआधीच्या? तेव्हा ती माहेरी असणार. स्वतःच्या नावानं." मला सांगावं लागलं की माणसांची नावं कुणाला दाखवत नाहीत, आणि इतक्या जुन्या पत्रिका राहिलेल्याही नाहीत. बेरजा तेवढ्या उरतात. गावाची लोकसंख्या, बायका किती, पुरुष किती. तुम्ही म्हणालात, "म्हणजे मोजली होती तर. कुठल्या तरी गावाच्या बेरजेत ती आहे." पुढच्या आठवड्यात तुम्ही सातारा जिल्ह्याची जुनी गावनिहाय आकडेवारी कुठूनशी मिळवलीत आणि कऱ्हाडच्या आसपासच्या गावांचे आकडे वाचत बसलात. मला वाटलं, काय हा वेडेपणा. मला आता तसं वाटत नाही.

तिथून सुरू झालं. तुमच्या जन्माचा दाखला मागवला, आईच्या रकान्यात लक्ष्मी. तिच्या मृत्यूची नोंद शोधायची तर कऱ्हाडला कुणीतरी जायला हवं होतं. तुम्ही धाकट्या भावाला, शरदकाकांना फोन केलात. ते धाकट्या आईचे सख्खे. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "दादा, आमची आई तुला कमी पडली का रे?"

तुम्ही फोन ठेवलात आणि आठ दिवस त्या विषयाचं नाव काढलं नाहीत. मी रागावले होते शरदकाकांवर. तुम्ही म्हणालात, "त्याचं बरोबर आहे. मीही तेच म्हणालो असतो." नवव्या दिवशी काकांनी आपणहून फोटो पाठवला. स्वतः कचेरीत जाऊन, धुळीत बसून, त्यांनी ते पान काढलं होतं. 'लक्ष्मी भ्र. केशव. वय १९.' खाली त्यांनी लिहिलं होतं, 'दादा, माझी नात एवढीच आहे.'

भ्र. म्हणजे भ्रतार, हे मला तेव्हा कळलं. नाव नवऱ्यानं दिलेलं, त्याच्यापुढे पुन्हा नवऱ्याचंच. त्या ओळीत तिचं स्वतःचं काय होतं, तर वय.

लग्नाची नोंद मात्र मिळेना. त्या काळी आपल्या गावाकडे लग्नाची नोंद सरकारात कोण करत होतं? असलीच तर लग्न लावणाऱ्या भटजींच्या वहीत. ते भटजी कधीच वारले होते, मुलगा पुण्याला गेला, तोही वारला, नातू कुठे आहे कुणाला माहीत नाही. तुम्ही वर्षानुवर्षं पत्रं लिहीत राहिलात. इंग्रजीतलं पत्र टाइप केलेलं, मराठीतलं हातानं लिहिलेलं.

याच काळात आमच्या लग्नाची नोंदणी करायची वेळ आली. निखिलला अमौसीच्या विमानतळावरून ट्रेनिंगला परदेशी पाठवणार होते, मला बरोबर जायचं होतं, आणि तेरा वर्षांच्या संसाराचा कागद आमच्याकडे नव्हता. साक्षीदार म्हणून तुम्ही आलात. बाबूनं माझा फॉर्म पाहिला आणि म्हणाला, "शादी के बाद का नाम?"

"यही है."

"अरे मैडम, पति का सरनेम तो लगेगा न. बाद में दिक्कत होगी." आणि त्यानं पेन टेकवलंसुद्धा.

तुम्ही मागच्या बाकावर होता. उठून पुढे आलात. तुमच्या त्या मराठी वळणाच्या हिंदीत, शब्द सुटे-सुटे करून म्हणालात, "भाईसाहब, जो नाम इनके माँ-बाप ने रखा है, वही लिखिए. पूरा लिखिए. काटिए मत."

बाबू म्हणाला, "आप कौन?"

"ससुर."

तो तुमच्याकडे बघत राहिला आणि मग त्यानं लिहिलं. बाहेर आल्यावर मला वाटलं, आता तुम्ही काहीतरी बोलाल. तुम्ही रिक्षावाल्याशी भाव केलात, माझी फाइल माझ्या मांडीवर ठेवलीत आणि म्हणालात, "झेरॉक्स दोन काढून ठेव." मी 'हो' म्हणाले. थँक यू म्हणायला हवं होतं. पण तुम्हाला थँक यू म्हटलं की तुम्ही, "कशाबद्दल?" असं खरंच विचारायचात आणि मग सांगावं लागलं असतं.

त्या भटजींचा नातू अखेर गेल्या वर्षी सापडला. पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. फोनवर म्हणाला, "काका, आजोबांच्या वह्या आहेत ट्रंकेत. पण सगळं मोडीत. आमच्यात कुणाला वाचता येत नाही." त्यानं पानांचे फोटो पाठवले, सत्तर-ऐंशी तरी होते. निखिल म्हणाला, मोडी वाचून देणारे लोक असतात, त्यांना पाठवू, आठवड्यात होईल. तुम्ही म्हणालात, "माझ्या आईचं नाव दुसऱ्यानं वाचून मला सांगायचं?"

आणि ऐंशीव्या वर्षी तुम्ही ऑनलाइन वर्गात नाव घातलंत. जेवणाच्या टेबलावर दर रविवारी शाळा. आधी भाजी चिरायची जागा गेली, मग फळांची टोपली. आमची ईरा कॉलेजातून आली की तुमची परीक्षा घ्यायची. "अण्णा, ये 'क' है?" "क नव्हे, फ. नीट बघ." "दोनों सेम तो हैं यार!" "यार कुणाला म्हणतेस?" तिला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र हिंदीत, यावरून तुम्ही तिला पंधरा वर्षं टोकलंत. पण माझ्या मुलीला आज मोडी अक्षरं ओळखता येतात, आणि तिच्या वर्गात हे कुणाला येत नाही. गेल्या आठवड्यात तिनं तुमच्या वहीच्या शेवटच्या पानावर मोडीत तुमचं नाव लिहिलं. तुम्ही असता तर वेलांटीवरून भांडला असता.

आठ महिन्यांनी, दिवाळीनंतरच्या एका दुपारी, तुम्ही हाक मारलीत. माझे हात कणकेचे. पडद्यावर ते पान मोठं करून ठेवलेलं आणि हातात भिंग, जरी फोनवर भिंगाची गरज नसते. तुम्ही एकेक अक्षर बोट ठेवून वाचलंत. वराचं नाव तुमच्या वडिलांचं. मग, "वधू... वे... णु." थांबलात. पुन्हा वाचलंत. "वेणु. विष्णुपंतांची थोरली कन्या." पुढे गाव, इस्लामपूरच्या बाजूचं. आणि त्यापुढे, "नाव ठेविले लक्ष्मी."

ईरा ओरडली, "अण्णा! मिल गया!" तुम्ही तिला हातानं गप्प केलंत. तुम्ही 'वेणू' म्हणून बघत होता, हळू, जसा नवा दात जिभेनं चाचपतात तसा. मग तुम्हाला काय वाटलं कोण जाणे, पुढची पानं चाळायला लागलात. चार वर्षं पुढची. तोच वर. वधू द्वारका. धाकट्या आईचं हे नाव तुम्हाला ठाऊक होतं, मामा तिला 'द्वारके' म्हणायचे. आणि तिच्यापुढे भटजींनी लिहिलं होतं, "नाव ठेविले लक्ष्मी, पूर्वीचेच."

पूर्वीचेच. तुम्ही तो शब्द दोनदा वाचलात. चष्मा काढलात.

"मेधा, त्या दिवशी तू नाही म्हणालीस ते बरं झालं. तिसरी झाली असतीस."

मी कणीक मळायची आहे म्हणून आत गेले. अण्णा, तेव्हा मला तुम्हाला सांगायचं होतं की तुम्ही नुसतं एक वाक्य बोलला असतात, 'मेधा, माझ्या आईचा फोटोही नाही, हे नाव घरात कुणीतरी वागवावं असं वाटतं,' तर मी एका दिवसापुरतं लिहू दिलं असतं. हे ओठांवर आलं होतं. पण ते खरं होतं का? तेवीस वर्षांची मी, तेव्हाची मी, लिहू दिलं असतं का? मला खात्री नव्हती. आणि तुमच्यासमोर खात्री नसलेलं बोललं की तुम्ही पुरावा मागायचात. म्हणून गप्प राहिले. आजही खात्री नाही. पण सांगावंसं वाटलं होतं, एवढं खरं.

त्या आठवड्यात तुम्ही वंशावळीचा जुना कागद फाडून टाकलात, ज्यात फक्त पुरुष होते, आणि नवा मांडलात. प्रत्येक बाईचं माहेरचं नाव आधी, सासरचं नंतर. सासूबाईंच्या जागी तुम्ही लिहिलंत, 'कुसुम. लग्नानंतर सुधा. नाव मी बदलले.' त्यातल्या 'मी'खाली रेघ आहे. माझ्या जागी नुसतं मेधा.

शरदकाका त्या गावाला एसटीनं गेले. विष्णुपंतांचं घर विचारलं. आणि तिथून त्यांचा फोन आला तेव्हा त्यांना नीट बोलता येत नव्हतं. "दादा, धाकटी बहीण आहे. तिची धाकटी बहीण आहे अजून. ब्याण्णव वर्षांची. पोरंबाळं नाहीत, भाच्याकडे असते. इथं माझ्यासमोर बसलीय. घे, बोल."

तुम्ही फोन कानाला लावलात आणि 'हॅलो' म्हणालात, ऑफिसात म्हणायचात तसं. मी स्पीकर लावला. पलीकडून एक पातळ, खणखणीत आवाज आला.

"कोण? वेणूचा का तू?"

तुम्ही एक्क्याऐंशी वर्षांचे. तुम्ही उभे राहिलात. खुर्चीतून उठून उभे राहिलात आणि म्हणालात, "हो. वेणूचा."

"तुला कडेवर घेऊन मी विहिरीवर जायचे. बारा वर्षांची होते मी. फार जड होतास रे मेल्या."

तुम्ही हसलात की रडलात, मला सांगता यायचं नाही. मी पाठमोरी झाले होते. मावशीनं त्याच फोनवर सांगितलं की वेणूला गाणं येत होतं, की ती डावखुरी होती म्हणून आईचा मार खायची, आणि ती गेल्यावर त्यांची आई तीनदा तुम्हाला बघायला आली होती. तिन्ही वेळा तिला ओसरीवरूनच परत पाठवलं. पोराला नव्या आईची सवय होऊ द्या म्हणाले. "चौथ्यांदा गेलीच नाही ती. पण तुझ्यासाठी शिवलेलं अंगडं मरेपर्यंत ठेवलं होतं."

त्या दिवशी जेवताना तुम्ही पोळीचा तुकडा डाव्या हातानं उचलून बघितलात. मी पाहिलं.

मग दर रविवारी, वर्ग संपला की मावशीला फोन. मावशी तुम्हाला 'बाळ' म्हणायची. तिला नीट ऐकू यायचं नाही, म्हणून तुम्ही ओरडून बोलायचात, आणि शेजारच्या वर्माजींना वाटायचं घरात भांडण चाललंय.

तुम्हाला लगेच जायचं होतं. आणि तुम्हाला मी थांबवलं. हे मला लिहायलाच हवं. जानेवारी होता, तुम्हाला खोकला होता. निखिल रोज येऊन सांगायचा, कोहऱ्यात, त्या दाट धुक्यात, आज इतकी विमानं उशिरा, इतकी रद्द. रेल्वेचीही तीच गत. मी म्हणाले, "अण्णा, थंडी सरू दे. होळी झाली की जाऊ. मावशी कुठे पळून जातेय?"

तुम्ही म्हणालात, "ती ब्याण्णव वर्षांची आहे."

"म्हणजे आधीची एकाण्णव वर्षं निघाली, तसे दोन महिने निघतील."

तुम्ही चिडलात. दोन दिवस धरलंत. मग स्वतःच होळीनंतरची तिकिटं काढायला लावलीत, चार जणांची. आपल्याला दोघांनाही एकच भीती होती, की मावशी तोवर राहील ना. दुसरी शक्यता आपल्या कुणाच्याच मनात आली नाही. फेब्रुवारीत खोकला छातीत उतरला आणि पाचव्या दिवशी, दुपारी, ऊन पडलेलं असताना, तुम्ही गेलात. मी रात्रंदिवस तेच उलटंसुलटं करत असते. जाऊ दिलं असतं तर कदाचित वाटेतच काही झालं असतं. कदाचित नसतं झालं, आणि तुम्ही तिच्यासमोर जाऊन बसला असतात. निखिल म्हणतो, तू बरोबरच केलंस. ईरा म्हणते, "मम्मा, अण्णा ने भी तो हाँ बोला था न." मला दोघांचंही पटतं आणि उपयोग होत नाही. क्षमा मागायची तर तुम्ही विचाराल, कशाबद्दल? या वेळी मला उत्तर माहीत आहे.

मावशीला कुणी सांगितलं नव्हतं. शरदकाका म्हणाले, इतक्या वयाच्या बाईला कशाला, दुखणं आहे म्हणून सांगू. दोन रविवार तसंच सांगितलं. आज तिसरा. सकाळी तिच्या भाच्याच्या सुनेचा तुमच्या फोनवर फोन आला, "आजी ऐकत नाहीत. म्हणतात, बाळाला फोन लाव."

निखिल माझ्याकडे बघायला लागला, त्या ताटाच्या वेळी बघितलं होतं तसंच. मी फोन घेतला.

"मावशी, मी मेधा. बाळाची सून."

"मेधा हे लग्नाआधीचं की नंतरचं?"

"दोन्ही."

"असं होय. तो सांगत होता खरा. कुठे आहे तो?"

मी ठरवलं होतं दुखणं सांगायचं. पण इतकी वर्षं आपल्या घरात तिच्या बहिणीबद्दल कुणी खरं सांगितलं नव्हतं. मी मोठ्यानं, दोनदा सांगितलं, "मावशी, अण्णा गेले." पहिल्यांदा तिला ऐकू आलं होतं, हे मला नंतर कळलं.

तिच्या मागे कोंबडा आरवत होता, कुणीतरी बादली ठेवली. मग म्हणाली, "त्रास झाला का?"

"फार नाही."

"तू होतीस का जवळ?"

"होते."

"मग बरं." आणि मग त्याच पातळ आवाजात, पण आता खूप हळू, मला फोन कानात दाबून धरावा लागला इतकं हळू, तिनं विचारलं, "अगं, वेणू गेली तेव्हा एकोणीसची होती. हा तर म्हातारा होऊन गेला. ओळखेल का गं ती त्याला?"

अण्णा, आजवर तुम्ही विचारलेल्या कुठल्याही प्रश्नाला मी इतक्या खात्रीनं उत्तर दिलं नाही.

"ते सांगतील ना, मावशी. म्हणतील, मी वेणूचा."

"हं," मावशी म्हणाली. "मग ओळखेल."